काळं पुट नसलेला दगड

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. एक तर लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे, आई म्हणते हे कुणाच्या हाती लागलं तर माझं जहाजावरचं काम जाईल, आणि आईचं असलं भविष्य सहसा चुकत नाही.

पण सोमवारी गारगोटीची चौकशी आहे. तिची नोकरी राहते की जाते ते तिथे ठरेल. नोकरीचं सोडा, पुढे जन्मभर लोक तिला फितूर म्हणणार की नाही, तेही तिथेच ठरेल. ज्या खोलीत सगळं घडलं तिथे आम्ही चौघं होतो. एकाला आता काही आठवत नाही. एकाला जे आठवतंय ते घडलेलंच नाही. तिसरी ती स्वतः, तर तिचं कोण ऐकतोय. राहिलो मी. आणि मला चार माणसांसमोर उभं केलं की माझं ततपप होतं. म्हणून आधी इथे सगळं ओळीत लावून घेतो.

आमचं जहाज समुद्राचा तळ तपासायचं. माझं काम म्हणजे जे बंद पडेल ते चालू करायचं. वायर ओढणाऱ्या विंचचा ताणाचा काटा, पाण्याखालचा कॅमेरा, दगड कापायची करवत, आचाऱ्याचा मिक्सर, सगळं माझ्याच गळ्यात. कॉलेज मी फक्त बाहेरून पाहिलंय. वस्तू उघडायची, आत डोकावायचं, परत बंद करायची, एखादा स्क्रू उरला तर गुपचूप खिशात टाकायचा, असं करत करत शिकलो. जहाजावर मला सगळे भाचा म्हणतात, कारण विंच चालवणारे मामा तसं म्हणायचे. मामांचं नि माझं नातं काही नाही. पण एकदा मामा म्हणाले की म्हणाले.

आता भांडण कशाचं ते सांगतो. प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून ठराविक अंतरापर्यंतचा समुद्राचा तळ आपोआप मिळतो. त्याच्या पुढचा मिळवायचा असेल तर दाखवून द्यावं लागतं की आमची जमीन पाण्यात शिरून संपत नाही, खालून तशीच पुढे गेलीय. आमच्या किनाऱ्यापासून एक डोंगररांग पाण्याखालून लांबवर जाते. तिच्या माथ्यावरच्या खडकांना काळं पुट चढलेलं आहे. दिसायला डांबर फासल्यासारखं, पण त्यात कोबाल्ट, निकेल, बॅटऱ्यांना लागतं ते सगळं. आम्ही म्हणतो रांग आमची. शेजारचा देश म्हणतो त्यांची. बांधावरून भांडतात तसंच, फक्त बांध दोन किलोमीटर पाण्याखाली.

मग ठरवायचं कशावरून? दगडावरून. खोल समुद्राचा तळ ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा असतो. ग्रॅनाइट असतो जमिनीच्या पोटात. रांगेत ग्रॅनाइट सापडला तर ती रांग म्हणजे आमचीच बुडालेली जमीन. नाही सापडला तर दावा लुळा.

सर त्या ग्रॅनाइटच्या मागे उभी हयात होते. आमच्या मोहिमेचे प्रमुख. केस पांढरे झाले, सुनेला मूल झालं, पण ग्रॅनाइट काही मिळाला नाही. ही त्यांची शेवटची फेरी, मग निवृत्ती. त्यांच्या हाताखाली गारगोटी. दगडांची वर्णनं लिहायची आणि खाली सही करायची, हे तिचं काम. बुटकी, टणक, जरा घासलं की ठिणगी. नाव अर्थातच मामांनी ठेवलेलं. चौथे साहेब. मंत्रालयातून आलेले, मोहिमेवर लक्ष ठेवायला. भर समुद्रात, डेकवर तेल सांडलेलं असताना, ह्यांच्या शर्टाला कडक घडी. मामांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव इस्त्री ठेवलं. तोंडावर साहेब, पाठीमागे इस्त्री.

तर तो दिवस.

सकाळीच डबडं खाली सोडलं होतं. डबडं म्हणजे लोखंडी दात असलेलं खोकं, मागे साखळ्यांची पिशवी. वायरच्या टोकाला बांधून तळावरून ओढायचं, ते खडकाला चावतं, तुकडा मोडून पिशवीत पडतो. विंचच्या केबिनमध्ये मामा दांड्यावर आणि मी काट्यासमोर. मी आकडा ओरडायचा, त्यावर मामांनी ओढायचं की सोडायचं ते ठरवायचं.

शेजाऱ्यांचं राखाडी जहाज आदल्या दिवसापासून आमच्याभोवती घिरट्या घालत होतं. रेडिओवर त्यांचा माणूस अगदी गोड आवाजात सांगायचा, तुम्ही आमच्या हद्दीत काम करताय, कृपया थांबवा. आमचे कॅप्टन तितक्याच गोड आवाजात सांगायचे, ही हद्द अजून कुणाचीच नाही. दोघंही शेवटी एकमेकांना शुभ दिवस म्हणायचे. मामा म्हणाले, "विहिणी विहिणी बोलतायत बघ."

मग डबडं अडकलं.

काटा एकदम वर सरकला. मी आकडा ओरडलो. मामांनी दांडा मागे घेतला, जहाज थांबलं, पण लाटेवर मागचा भाग उचलला गेला की काटा अजून चढायचा. काट्यावर लाल रेघ आहे. त्या रेघेपुढे वायरचं काही सांगता येत नाही. तुटली तर चाबकासारखी परत येते आणि मध्ये कोण आहे ते बघत नाही.

सर दारात येऊन उभे राहिले. "ओढ. पकडलंय काहीतरी. ओढ."

"सर, रेघेवर आहे," मी म्हणालो.

"थोडं पुढे जाऊ दे. मामा, थोडंच."

मामांनी मान वळवली नाही. "लेखी द्या."

हा जहाजावरचा नियम. लाल रेघेपुढे जायचं तर कॅप्टनची सही असलेली चिठ्ठी विंचच्या केबिनमध्ये यायला हवी. मामांना तो नियम कुणी शिकवायची गरज नव्हती. आधीच्या जहाजावर कुणाच्या तरी तोंडी हुकमावर त्यांनी ओढलं होतं, आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. हुकूम देणाऱ्याने नंतर सांगितलं, मी असं बोललोच नाही. तेव्हापासून मामांचं ठरलेलं. बोललेलं वाऱ्यावर जातं, दोष मात्र हातावर येतो.

सर वर धावले. तेवढ्यात राखाडी जहाज वळलं आणि थेट आमच्या मागच्या बाजूने यायला लागलं, जिथे आमची वायर पाण्यात शिरते तिथून. इतकं जवळ की त्यांच्या डेकवरचा एक माणूस कपातून काहीतरी पिताना दिसत होता. आमच्या भोंग्याने कानठळ्या बसल्या. मी आकडा सांगत होतो आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता.

चिठ्ठी आली. कॅप्टनची सही, खाली वेळ. मामांनी ती वाचली, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, मग दांडा ओढला.

काटा रेघेपुढे गेला. वायर गुणगुणायला लागली. मामा पुटपुटले, "चल गं बाई, चल, माहेरी चल." आणि एक धक्का बसून काटा धाडकन खाली आला. मला वाटलं तुटली. पण पार शून्यावर गेला नाही. डबडं सुटलं होतं. राखाडी जहाजही शेवटच्या क्षणी वळलं. त्यांनाही वायर पंख्यात अडकवून घ्यायची हौस नसणार.

पिशवी डेकवर रिकामी केली. काळे दगड, काळे दगड, चिखल, काळे दगड. आणि त्यात एक गुलाबीसर, नारळाएवढा, चमचमणारे कण असलेला. ग्रॅनाइट. सर डेकवर फतकल मारून बसले, ओल्यात. त्यांनी तो दगड मांडीवर घेतला. त्या वेळी मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

इस्त्री तोपर्यंत फोनवर होता.

दुपारी मी दगडांच्या खोलीत दिवा बदलायला गेलो. गारगोटी एकटीच होती. ट्रेमध्ये धुतलेले दगड, आणि गुलाबी दगड तिच्या हातात. ती तो फिरवत होती, दुकानात एखादी बाई वांगं निवडताना फिरवते तसा.

"भाच्या, काय दिसतं?"

"दगड."

"अजून?"

"गुलाबी दगड. तुझी बढती. मिठाई कधी देतेस?"

ती हसली नाही. ट्रेमधला एक दगड तिने माझ्या हातात दिला. "हा बघ. एक बाजू ताजी, जिथून मोडला ती. बाकी सगळीकडून काळं पुट. हा पण तसाच. हा पण. आता ह्याच्याकडे बघ."

गुलाबी दगडाला कुठलीच बाजू ताजी मोडलेली नव्हती. सगळीकडून गोल, घासलेला. आणि काळेपणा कुठेच नाही.

"तिथल्या पाण्यात नखाच्या जाडीएवढं पुट चढायला लाखांनी वर्षं लागतात," ती म्हणाली. "पण तिथे पडून राहिलेल्या कुणाचीच त्यातून सुटका नाही. हा त्या डोंगराचा असता तर मोडलेली बाजू सोडून पूर्ण काळा असता."

"म्हणजे हा पाहुणा?"

"पाहुणा. आणि अगदी परवा आलेला. शंभर-दोनशे वर्षांत."

मग तिने सांगितलं. जुनी शिडाची जहाजं रिकामी निघाली की डोलायची, म्हणून पोटात वजनाला दगड भरायची. किनाऱ्यावरचे गोल दगड, फुकटचे. वादळात नाहीतर बंदर जवळ आलं की ते समुद्रात टाकून द्यायची. जुन्या जहाजांच्या वाटांवर असे दगड तळाशी पडलेले असतात. हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला शिकवतात. सरांनीच तिला शिकवलं होतं.

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, पिशवीत बाकीच्या दगडांवर घासून पुट निघालं असेल."

"निघू शकतं?"

"वरवरचं निघेल. खळग्यांतलं कसं निघेल?" तिने दगड दिव्याखाली धरला. एका बाजूला अंगठा जाईल एवढा खळगा होता, राखाडी चिखलाने भरलेला. "ह्यात पुट असेल तर सर खरे. पण ते म्हणाले घाई नको, आधी डेकवरचे बाकीचे दगड बघून घे."

आपल्यालाही तेच हवं असतं ना, की सर खरे निघावेत. तिलाही तेच हवं होतं. आम्ही त्या खळग्याकडे बघत राहिलो आणि दोघांपैकी एकानेही बोट घातलं नाही. तेवढ्यात तिला वर बोलावलं.

संध्याकाळच्या आत आईचा फोन आला. जहाजाच्या फोनवर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

"अरे, तुमचा दगड टीव्हीवर सांगतायत. दाखवला नाही अजून, नुसतं सांगतायत. समुद्राखाली आपली जमीन सापडली म्हणे."

"आई, अजून तपासायचंय."

"तपासा. पण एवढ्या लांब जाऊन दगडच आणायचा होता तर आपल्या मागच्या दारी काय कमी पडलेत? तुझे बाबा मला विचारतायत, जमीन सापडली तर सातबारा कुणाच्या नावावर."

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं. बातमी गेली होती. आता दगडाला मागे फिरायला जागा नव्हती.

लगेचच सरांनी मला करवतीच्या खोलीत बोलावलं. डेकच्या खालची छोटी खोली. मध्ये करवत, तिच्यावर पाण्याची बारीक धार, खाली दगडाच्या पिठाने पांढरी झालेली मोरी. कान झाकायच्या वाट्या खिळ्याला लटकवलेल्या. सरांनी गुलाबी दगड टेबलावर ठेवला.

"सगळ्या बाजूंनी सोलून काढ. आतला गाभा हवाय प्रयोगशाळेला."

आता हे नेहमीचंच काम. बाहेरची कातडी समुद्राने खाल्लेली असते, तपासणीला आतला भाग लागतो. असे दगड मी कितीतरी सोललेत. पण त्याआधी चारी बाजूंनी फोटो होतात, गारगोटी वर्णन लिहिते, दगडावर रंगाने नंबर पडतो. ह्या दगडावर नंबर नव्हता.

"सर, फोटो?"

"नंतर."

"सोलल्यावर कशाचे काढणार?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. नळाकडे बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पुट नव्हतं हे कळण्याची एकच जागा होती, दगडाची कातडी. ती काढली की उरतो नुसता चोख ग्रॅनाइट, आणि पुन्हा कुणालाही काही विचारता येणार नाही. खोटं कुणीच बोललेलं नाही. नेहमीचं काम नेहमीसारखं झालं, एवढंच.

मी कानाला वाट्या लावल्या, परत काढल्या. पाणी सुरू केलं. पात्याला हात लावून बघितला, जसं काही मला पात्याची काळजी आहे. वेळ काढत होतो, दुसरं काय.

गारगोटी दारात आली. मागोमाग इस्त्री.

तिने टेबलावरचा दगड पाहिला, सुरू असलेलं पाणी पाहिलं, मला पाहिलं. मला काही म्हणाली नाही. सरांना म्हणाली, "सर, खळगा तेवढा बघू. पुट असेल तर मी आत्ता सही करते. मलाही ते हवंय."

सरांनी दगड तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बघ."

तिने खिशातली सुई काढली. चिखल टोकाने थोडाथोडा उकरला, पाण्याच्या धारेखाली धरला, परत उकरला. खळग्याचा तळ दिसायला लागला. काळा नव्हता. पांढरा होता. एक पांढरी गोल कडी, शर्टाच्या बटणाएवढी, दगडाला घट्ट चिकटलेली.

तिने भिंग लावलं. मग भिंग सरांच्या हातात दिलं. सरांनी पाहिलं. मग इस्त्रीने, मग मी. किनाऱ्यावरच्या खडकांना, धक्क्याच्या खांबांना ज्या खरखरीत पांढऱ्या कवच्या चिकटलेल्या असतात, अनवाणी चाललं की पाय कापतात त्या, तसल्याच एका कवचीचं बूड.

"हे काय?" इस्त्रीने विचारलं.

"शिंपल्यासारखाच कवचातला एक जीव," गारगोटी म्हणाली.

"मग? समुद्रात शिंपले नसणार तर काय हॉटेलात असणार?"

उत्तर सरांनी दिलं. अगदी सावकाश, वर्गात सांगावं तसं. "हा जीव इतक्या खोल जगत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जगतो. हा दगड कुठल्यातरी किनाऱ्यावर पडून होता. तिथून कुणीतरी उचलला."

हे सर बोलले. मी ऐकलं. हे मला नीट लक्षात ठेवायचंय.

इस्त्रीने रुमालाने हात पुसले, कोरडेच होते तरी. "सर, बातमी गेलेली आहे. मंत्रीसाहेब उद्या बोलणार आहेत. शेजाऱ्यांना आज दुपारीच कळवलंय." मग माझ्याकडे वळला. "हा भाग कापून निघतो ना?"

"निघतो," मी म्हणालो.

"मग काढ."

माझा हात करवतीच्या बटणावरच होता. सर खाली मोरीकडे बघत होते. गारगोटी माझ्याकडे बघत होती, पण तिने मान हलवली नाही, ना हो, ना नाही. मला वाटत होतं तिने काहीतरी म्हणावं.

शौर्य वगैरे काही नव्हतं. डोळ्यासमोर मामांचा डावा हात आला. तोंडातून आपोआप गेलं.

"लेखी द्या."

"काय?"

"नंबर न पडलेला दगड सोलायचा म्हणजे नियम सोडून काम, साहेब. चिठ्ठी लागते. सही आणि वेळ. कॅप्टनसुद्धा देतात."

"सर, तुमचा हा माणूस शिकलाय किती?"

"सही वाचता येण्यापुरता," मीच म्हणालो.

इस्त्री सरांकडे वळला. "द्या हो ह्याला चिठ्ठी."

सरांनी खिशाला हात लावला. पेन होतं खिशात. हात तिथेच राहिला. "मोहीम माझी आहे," ते म्हणाले, "पण हुकूम तुमचा आहे. तुम्हीच द्या."

मग पाण्याचाच तेवढा आवाज. दगड टेबलावर, चार माणसं भोवती, तिघांच्या खिशाला पेन, आणि कुणाचंच बाहेर येईना. कापलं जावं असं दोघांना वाटत होतं, पण कापलं कुणामुळे ते मात्र कुठे राहायला नको होतं.

शेवटी सरांनी नळ बंद केला.

इस्त्रीने दगड टॉवेलात गुंडाळला. "मी स्वतः घेऊन जातो. तज्ज्ञ काय ते ठरवतील." बंदराला लागल्या लागल्या तो दगड काखेत घेऊन उतरला, तान्हं बाळ नेतात तसा. गारगोटीने त्याआधीच वर्णन लिहून सरांना दिलं होतं. सुटा दगड, पुट नाही, किनाऱ्यावरच्या कवचीचं बूड, मूळ जागा अज्ञात. सर म्हणाले, माझ्याकडे राहू दे, मी पाठवतो. तिने राहू दिलं. सरांवर विश्वास ठेवायचा नाही हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मंत्रीसाहेबांनी टीव्हीवर दगड हातात घेतला. चांगली बाजू समोर ठेवली होती, पण कौतुकाने त्यांनी तो उलटा केला. खळगा कॅमेऱ्यासमोर. ती पांढरी कडी आमच्या घरच्या टीव्हीवरसुद्धा दिसली. शेजाऱ्यांनी फोटो मोठा केला, बाजूला त्यांच्या धक्क्यावरच्या खांबाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, किनाऱ्यावरचाच दगड हवा होता तर आम्ही पोस्टाने पाठवला असता.

दावा लटकला. आमचं जहाज धक्क्याला बांधून ठेवलं. मग कुणाला तरी कापायचं होतं, आणि ह्या वेळी चिठ्ठी कुणी मागितली नाही. साहेबांनी सांगितलं की जहाजावर त्यांना शिंपल्याचं कुणी दाखवलंच नाही, आणि शेजाऱ्यांना आतून कुणीतरी खबर दिली असणार, नाहीतर इतक्या लवकर कसं ओळखलं. दगड तपासायचं काम गारगोटीचं, म्हणून बोट तिच्याकडे. सर निवृत्त झाले. त्यांना त्या संध्याकाळचं काही आठवत नाही म्हणे, वर्णनाचा कागद मिळाल्याचंही नाही.

गारगोटीचे वडील तिच्याशी बोलत नाहीत. जेवायला बसले की ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. तिच्या गल्लीतला वाणी परवा सुट्टे परत देताना म्हणाला, मोजून घ्या हं ताई, तुमचा हिशोब शेजारच्यांशी असतो. सुट्टे तिथेच ठेवून ती निघून आली.

माझं काम वर्षावर्षाच्या कराराचं आहे. नवा करार साहेबांच्याच कार्यालयातून येतो. अजून आलेला नाही.

काल मी आणि गारगोटी धक्क्याच्या कठड्यावर बसलो होतो. समोर आमचं जहाज, वायर गुंडाळून, विंचवर ताडपत्री. कठड्याखालच्या खांबांना पाण्याच्या रेघेपर्यंत त्याच पांढऱ्या कवच्या, हजारो. मी तिकडे बघायचं टाळत होतो.

"तू सोमवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "तुझा करार अडकलाय. आणि तिथे ततपप केलंस तर माझंच नुकसान."

"मनात आलं होतं, कापला असता तर..."

"मला माहीत आहे तुझ्या मनात काय येतं."

"तुझी नोकरी राहिली असती. सर हार घालून घरी गेले असते. कुणाला कळलं असतं?"

"पुढच्या कागदावर सही माझी असती. मला कळलं असतं." तिने एक खडा पाण्यात टाकला. "आणि बढतीची मिठाई तू वसूल केली असतीस, ते वेगळंच."

मग मी म्हणालो, "मी येणार आहे."

"आईला विचारलंस?"

"आई म्हणाली करार जाईल. मग म्हणाली, जाताना शर्ट तरी धड घाल."

ती पहिल्यांदा हसली. मग गंभीर झाली. "येणारच असशील तर एक ऐक. सरांचं विचारतील. रागात काहीतरी बोलशील. ते आता विसरलेत, पण त्या संध्याकाळी विसरले नव्हते. शिंपला त्यांनी ओळखला. विचारल्यावर खरं तेच सांगितलं. नळही त्यांनीच बंद केला. तेवढं सांगायचं राहू देऊ नकोस."

मला सरांचा राग आहे. अजून आहे. मी म्हणालो, त्यांनी तुझा कागद दाबला.

"तेही सांग. पण हेही सांग."

पाणी खांबांवर आपटत होतं. मी तिला म्हणालो, सांगीन. साहेबांनी भिंगातून पाहिलं ते सांगीन, काढ म्हणाले ते सांगीन, सर जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगीन, आणि नळाचंही. सोमवारी तुझ्याआधी जाऊन तिथल्या बाकावर बसतो, धड शर्ट घालून, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणतो की आता हे लेखी घ्या, मी खाली सही करतो.